जेवल्याबिगर गाडी चालू व्हायची न्हाई

तात्या, तुम्ही गेल्यावर लोकांनी मला पहिलं काम सांगितलं ते पत्रक लिहिण्याचं. मी लिहिलं. जुन्नरच्या बाजारपेठेतल्या नेहमीच्या छापखान्यात, नेहमीच्या पिवळ्या कागदावर छापून घेतलं आणि बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर उभं राहून वाटलं. वर ठळक अक्षरात, 'आरोग्य केंद्राच्या बंद जीपने घेतला कार्यकर्त्याचा बळी!' त्यात एक ओळ खोटी नाही. तरी ते तुमच्या हातात पडलं असतं तर तुम्ही चार घड्या घालून खिशात टाकलं असतं आणि म्हणाला असतात, "ब्येस झालंय. प्लग पुसायला व्हईल."

म्हणून हे दुसरं लिहितेय. याच्या शेवटी मागण्या नाहीत. मला रडत लिहिता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच आक्कांना सांगायचात, "हिला भाकर वाढली तरी निवेदन द्यायला आल्यावानी हात फुडं करती." तशीच आहे मी अजून. फरक एवढाच की निवेदन कुणाला द्यायचं ते कळेनासं झालंय.

आपली ओळखच तुम्ही माझी गाडी बंद पाडून केलीत. माझं कॉलेज नुकतं संपलं होतं. आळ्याहून वडलांची स्कूटर घेऊन मी तुमच्या गावात, आंबेगाव तालुक्यात, सभेचं सांगायला आले होते. संघटनेत तुम्ही जुने, मी कालची. ओट्यावर चहा झाला, बोलणं झालं, मी उठले. तुमच्या कारभारीण आक्का म्हणाल्या, जेवून जा. मी म्हणाले, नको, उशीर होतोय. पुढं कुणी आग्रह केला नाही याचं मला बरंच वाटलं. किक मारली, स्कूटर निघाली, देवळापर्यंत गेली आणि दोनदा खोकून गप्प झाली. किका मारून मारून पोटरीला गोळा आला. ढकलत माघारी आणली तर तुमचं अख्खं घर ओट्यावर माझी वाट बघत बसलेलं. ताटं मांडलेली. माझंही.

"आलं का पावणं?" तुम्ही म्हणालात.

"बघा ना जरा. पेट्रोल आहे, टाकीत आवाज येतोय. काय झालं तेच कळत नाही."

"काय न्हाई झालं. जेवल्याबिगर गाडी चालू व्हायची न्हाई."

मला वाटलं, म्हातारा खुळा आहे. तसे तुम्ही म्हातारेही नव्हतात, मिशा तेवढ्या पिकल्या होत्या. जेवण झालं. मग तुम्ही हात धुऊन आलात, सीटखाली हात घातला आणि पेट्रोलचा कॉक उघडलात. टाकीचा तो इवलासा नळ. मी चहा पीत असताना तुम्ही तो बंद करून ठेवला होता. बंद केला तरी नळीतल्या आणि कार्बोरेटरमधल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर गाडी थोडी धावते, मग थांबते. जाणारा दिसेनासा व्हायच्या आत थांबते, हे तुम्ही बरोबर हेरलं होतं.

"ही फसवणूक आहे," मी म्हणाले.

"मग दी की निवेदन," तुम्ही म्हणालात, आणि आक्का पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

नंतर कधीतरी तुम्ही याचं मूळ सांगितलंत. तुमचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. रानात मुक्काम पडला आणि कुणी भेटायला आलं की तो माणूस 'निघतो, निघतो' म्हणायचा, कारण तसं म्हणायचंच असतं. आणि तुमची आई गुपचूप त्याची वहाण लपवायची. अनवाणी काट्यातून जाणार कसा? बसायचा, जेवायचा. मग मेंढरं गेली, शेती आली, मोटारसायकली आल्या. "वहाण लपवून काय उपेग? पावणं बसलंय गाडीवर. म्हणून आपलं कॉकावर आलो." हे तुम्ही जिथं जिथं गेलात तिथं शिकवलंत. आपल्या सभा किती वाड्यांमध्ये फसल्या याचा हिशोब नको काढायला, पण ही खोडी मात्र सगळीकडं रुजली. मढपासून घोडेगावपर्यंत, जिथं आपलं येणंजाणं होतं तिथल्या प्रत्येक घरात पाहुण्याला अडवायला कॉकच बंद करायचे.

पुढं मी तुमच्या मागं बसून फिरायला लागले. लोक बघायचे. आळेफाट्यावर सोडा प्यायला थांबलो की कुणीतरी खडा टाकायचंच.

"तात्या, पोरगी कुणाची?"

"सरकारची सासू हाय. लांब बस जरा."

ती तुमची गाडी. टू-स्ट्रोक, धुराचा लोट सोडणारी, घरापासून लांब गेल्याशिवाय कधी न बिघडणारी. घरासमोर पहिल्या किकेला चालू, आणि मढच्या पुढं, जिथं दोन्ही बाजूंना चिटपाखरू नाही, तिथं हमखास बंद. तुमचा क्रम ठरलेला. आधी कॉक. कॉक उघडा असला की टाकी हलवून कान लावायचा. मग प्लगवरची टोपी नीट बसलीय का. मग पान्यानं प्लग खोलायचा. तो तेलानं काळाकुट्ट. तुम्ही हात मागं करायचात, न बोलता, डॉक्टरनं नर्सपुढं करावा तसा, आणि मी पिशवीतून एक पत्रक काढून द्यायची. पहिल्यांदा दिलं नव्हतं. भांडले होते.

"रात्रभर जागून लिहिलंय हे मी!"

"म्हणून तर. लई कोरडं हाय. तेल लगीच वडून घेतं."

पुसून झाल्यावर प्लग टोपीत घालून इंजिनाला टेकवायचा, मी किक मारायची, आणि दोघांनी वाकून बघायचं, निळी ठिणगी पडते का. पडली की तुम्ही मेंढराला हाकारावं तसा 'हुर्रर्र' आवाज काढायचात. नाही पडली की सावलीत बसून तंबाखू. जणू गाडी रुसलीय आणि तिला थोडं एकटं सोडायला हवं. तुम्ही काही मोठे मिस्त्री नव्हतात, उगाच मेल्यावर मोठेपणा देणार नाही. एकदा भर उन्हात तुम्ही कार्बोरेटरचे सगळे स्क्रू काढून माझ्या ओढणीवर मांडलेत, नळीत फुंकून फुंकून तोंड पेट्रोलानं भरून घेतलंत, आणि शेवटी टाकीत पेट्रोलच नव्हतं. जो आवाज ऐकलात तो म्हणे टाकीतल्या गंजाचा होता. जुन्नरची एसटी हात करून थांबवली तेव्हा कंडक्टरनं विचारलं, गाडीला काय झालं? तुम्ही तोऱ्यात म्हणालात, "इंजिनचं काम निघालंय." त्या दिवसाचं हसू अजून पोटात आहे तात्या, आणि ते आता कुणाबरोबर हसायचं?

आपलं भांडण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, आणि ते तसंच राहिलं.

पश्चिम पट्ट्यातल्या त्या आरोग्य केंद्राच्या आवारात जीप उभी आहे. अजूनही आहे. टायर बसलेले, बॉनेटवर कोंबड्या. वरच्या वाड्यांमधून बाळंतिणीला खाली आणायची तर झोळीत, नाहीतर दुधाच्या टेम्पोत. ड्रायव्हरची जागा रिकामी. डॉक्टर कधी मीटिंगला, कधी ट्रेनिंगला, कधी नुसतेच नाहीत. मी निवेदनं लिहिली, धरणं धरलं, तालुक्याच्या आरोग्य खात्यातल्या साहेबांच्या टेबलावर जीपला वाहिलेला हार नेऊन ठेवला. तुम्ही एका सकाळी गेलात आणि बॉनेट उघडून बघितलंत.

"अगं, हितं कॉक बघायचं काम न्हाई. बॅटरीच न्हाई हिला."

मग मेव्हण्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून तुम्ही ती जीप चालू केलीत. आवारात एक फेरी मारलीत, हॉर्न वाजवत. पोरं, बायका, पेशंट, सगळे टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बॅटरी काढायला लावली. सरकारी वाहनाला बाहेरचं सामान लावता येत नाही म्हणे. तुम्ही ती मांडीवर घेऊन माझ्या शेजारी पायरीवर बसला होतात.

मी म्हणाले, "सांगितलं होतं. त्यांच्याकडून घ्यायचं असतं, आपण घालायचं नसतं. आपण घातलं की त्यांची जबाबदारी संपते."

"तवर मान्सं मरू द्यायची?"

"तुम्ही एक गाडी चालू कराल. ती बंद का पडली ते कोण शोधणार?"

"आधी चालू तर करू. मंग शोध की, तुला कोण नगं म्हणतंय."

त्यावर मी काहीतरी लागेल असं बोलले, तुम्हीही बोललात, आणि मढपर्यंत आपण एका गाडीवर बसून अबोला धरला. माझं मत बदललेलं नाही. तुमचंही बदललं नसतं. फक्त आता मी एकटी भांडते आणि तुमच्या वाटणीचं उत्तर मलाच द्यावं लागतं. ते तुमच्याइतकं चांगलं जमत नाही.

शेवटच्या दिवसांत छातीत जळजळतंय म्हणायचात. पित्त. आळेफाट्यावर सोडा, घरी कोकम, वाटेत कुणी दिलं ते आलं-लिंबू. मी म्हणाले, एकदा डॉक्टरला दाखवा.

"डॉक्टर कुठं हाय? तूच छापलंस न्हवं, डॉक्टर न्हाई म्हणून. का खोटं छापलंस?"

हसले मी त्यावर. चांगला होता विनोद.

त्या दिवशी मी आळ्याला होते, कांदा काढणीत. तुम्ही एकटेच वर गेलात, त्या वाडीत. वाडीचं नाव लिहीत नाही, आणि त्या घरातल्या बाईंचंही. त्या लिही म्हणाल्या होत्या तरी. मी त्यांना मावशी म्हणते, तुम्ही वैनी म्हणायचात. त्यांचे मालक, माझे काका, तुमचे जुने दोस्त. त्या घरातून आपण कधी उपाशी उठलो नाही. पहिल्यांदा तिथं कॉक बंद करायला मावशीला तुम्हीच शिकवलंत, माझ्यासमोर, माझ्याचसाठी. आपण नेहमी एका गाडीवर, म्हणजे ती बंद पडली की दोघं ढकलत माघारी. तुम्हाला ठाऊक असून तुम्ही माझ्याबरोबर वळणापर्यंत यायचात, गाडी बंद पडली की "आयला, काय झालं रं हिला" म्हणायचात, आणि मावशी वरून हात कमरेवर ठेवून बघायची.

पुढचं मला तुमच्या दहाव्याला कळलं.

घाटावर बायका एका बाजूला बसल्या होत्या. मावशी त्यांच्यात बसली नाही. मला खुणेनं पलीकडं, बाभळीमागं बोलावलं. मला वाटलं, रडेल. रडली नाही. पोलीस ठाण्यात जबाब द्यावा तशी बोलली.

"भावजी आलं तवा उन्हं कलली व्हती. पानी प्यालं. म्हनलं, जेवा. तर म्हनलं, आज नगं वैनी, जिवाला बरं न्हाई, घरी जातो. आता तूच सांग पोरी. पावणा नगं म्हनतो ते खरं कोन धरतं? मी बी म्हनतीच की दुसऱ्याच्या घरी, नगं, आत्ताच जेवलीया. ह्यांच्यासंगं बोलत व्हतं तवर मी गेली आन् कॉक बंद केला."

मग तुम्ही निघालात. गाडी चालू झाली. वाडीचा उतार उतरलात आणि वळणावर, नेहमीच्या ठिकाणी, आवाज बंद झाला. मावशीनं तवा चुलीवर टाकला. काका ओट्यावरून ओरडले, "तात्या, माघारी या, भाकर फुगलीया!" खालून किकेचा आवाज आला. परत आला. ते दोघं हसत होते. परत आला. मग थांबला. त्यांना वाटलं, आता ढकलत येतायत. चढ आहे, वेळ लागतो. मावशीनं ताट वाढलं. वांग्याचं कालवण होतं, तुम्हाला आवडतं म्हणून तुम्ही दिसल्या दिसल्या वांगी चिरून केलेलं. ताट वाढून झालं तरी तुम्ही दिसेनात तेव्हा काका हाका मारत खाली गेले.

गाडी स्टँडवर नीट उभी होती. तुम्ही तिच्या कडेला बसल्यासारखे होतात, पाठ सायलेन्सरला टेकून.

काकांनी आणि शेजाऱ्यांनी तुम्हाला सडकेपर्यंत उचलून आणलं. दुधाचा टेम्पो मिळाला. आरोग्य केंद्राला कुलूप नव्हतं, डॉक्टर नव्हते. नर्सबाईंनी जमेल ते केलं आणि सांगितलं, लगेच जुन्नरला न्या. टेम्पोवाला दूध उतरवून येतो म्हणून गेलेला. समोर जीप उभी. काका सांगतात, त्यांनी त्या जीपच्या दारावर लाथा घातल्या. तुम्ही तिथंच गेलात, ओसरीवरच्या बाकावर, जीपकडं तोंड करून.

हे शेवटचं सगळं पत्रकात आहे. वळणावरचं नाही.

"भावजींना कळलं व्हतं," मावशी म्हणाली. तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज हलला. "मी खाली गेली तवा बघितलं. कॉक उघडा व्हता. त्यांनी उघडला. म्हंजी त्यांना कळलं, वैनीनं बंद केलाय. मंग काय म्हनलं असतील गं माझ्याबद्दल?"

तात्या, तुम्ही काय म्हणालात? कॉकाला हात लागला तेव्हा हसलात का? हसला असाल. का दुखत असताना शिवी घातलीत? ती खोडी तुमची, तुमच्या आईची. नुसतं बसून राहिला असतात तर? वर हाक मारली असतीत तर? मारता आली नसेल. का मारली नाहीत, कारण मग जेवायला बसावं लागलं असतं आणि तुम्हाला नुसतं घर गाठायचं होतं? कॉक उघडल्यावर पेट्रोल उतरायला जरा थांबावं लागतं, हे तुम्ही मला सतरांदा सांगितलंय. का नाही थांबलात? का मारत राहिलात किका?

"त्या पत्रकात माझं बी लिव्ह," मावशी म्हणाली. "जीपचं लिवलंस ना, मग माझं बी लिव्ह. लोकांना कळू दी."

मी संघटनेत सांगितलं. सगळे एका आवाजात नको म्हणाले. हे बाहेर गेलं की साहेब म्हणतील, बघा, गावकऱ्यांच्या चेष्टेनं माणूस गेला, जीपचा काय संबंध? आणि ते म्हणतीलच. म्हणून इथं त्यांनाही सांगून ठेवते, कारण हे कुणीतरी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवणारच. साहेब, छातीत कळ आली ती कॉकामुळं नाही. कॉक उघडा असता तर तात्या वळणाच्या पुढं कुठंतरी, जिथं हाकेला माणूस नाही तिथं पडले असते. आणि कॉकानं त्यांना मारलं असं जरी धरलं, तरी त्यांना वाचवायची नोकरी मावशीची नव्हती, तुमची होती. जिनं वांगी चिरली ती बाई चुलीपुढं बसून स्वतःला खाते आहे. तुमच्यातल्या ज्या साहेबानं जीपची बॅटरी काढायला लावली तो माणूस पुढच्या गावी बदली घेऊन बंगल्याला रंग देतो आहे. मला चीड येते ती याची. गुन्हा कुणाचा आणि शिक्षा कोण भोगतं! आणि ही शिक्षा देणारं कोर्ट कुठं असतं की जिथं जाऊन मी घोषणा देऊ?

तुम्ही असता तर म्हणाला असतात, "आधी बाईला चालू कर. मंग कोर्टाचं बघ." बघा, दिलं उत्तर तुमच्या वाटणीचं. आणि या वेळी मी ऐकलं तुमचं. म्हणून पुढचं हे असं झालं.

तुमची गाडी आक्कांनी मला दिली. म्हणाल्या, "उभी राह्यली तर गंजंल. तू चालीव." गाडीवर अजून तुमची घोंगडीची घडी आहे, सीट फाटली होती त्यावर घातलेली. परवा गाडी घेऊन मी वाडीत गेले, दिवसाउजेडी. काका ओट्यावर होते. हळू आवाजात म्हणाले, "कुणी आलं की ती आत जाऊन बसती. पानी मी देतो. जेवा हा शबूद तिनं टाकलाय." ज्या घरातून भाकरीचा वास सडकेपर्यंत यायचा, त्या घराची चूल थंड होती. सकाळीच दोघांपुरतं करून ठेवते म्हणे, कुणी यायच्या आत.

मी आत गेले. बोलले पुष्कळ. मला बोलताच येतं. मावशी, तुझा दोष नाही. जीप असती तर. डॉक्टर असता तर. ती भिंतीकडं बघत ऐकत होती, सभेत मागं बसलेल्या बाया ऐकतात तशी, कधी संपेल याची वाट बघत.

तेव्हा मला ते सुचलं. तुमच्या गाडीवर बसून गेले होते, म्हणून सुचलं असेल. बाहेर आले. मावशी उंबऱ्यात येऊन उभी राहिली, तेवढी रीत तिनं सोडली नव्हती. तिला दिसेल असा मी हात खाली नेला, कॉक बंद केला, किक मारली आणि निघाले. उतार उतरले. वळणावर गाडी दोनदा खोकली आणि थांबली. म्हटलं, आता ढकलत वर जायचं, दम खात ओट्यावर बसायचं आणि म्हणायचं, मावशी, गाडी भुकेली आहे, टाक भाकरी. हसेल. नाहीतर रडेल तरी. सोंग खरं वाटावं म्हणून मी किक मारली. परत मारली.

आणि त्या शांततेत तो आवाज वर वाडीकडं जाताना मला ऐकू आला, तात्या. मी तिला काय ऐकवत होते ते तेव्हा कळलं.

ती धावत आली. अनवाणी, पदर सुटलेला, दगडांवरून घसरत. मला उभी बघून थांबली. माझ्याकडं नाही, कॉकाकडं बघितलं. जवळ आली, वाकली, आणि आपल्या हातानं तो उघडला.

"मावशी, भूक लागलीय मला," मी म्हणाले.

"जरा थांब. पेट्रोल उतरू दी." तुमचेच शब्द, तुमच्याच सुरात. आम्ही दोघी गाडीच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. तिचा श्वास लागला होता. तिनं तुमच्या घोंगडीवर हात ठेवला होता, तो काढून घेतला.

"मावशी..."

"मार आता किक. उजेड हाय तवर घरला जा."

त्या घरातून मी पहिल्यांदा न जेवता निघाले. गाडी पहिल्या किकेला चालू झाली, तात्या.